दाराआडून विचारलेला प्रश्न

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या पोरीला सगळे काडी म्हणायचे. अंगाने तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी. पण हातात पाना आला की गंजलेला नटही मुकाट सुटायचा. धंदा शिकवला मामाने.

आईच्या मात्र ते काम डोळ्यांत सलायचं. काडीची पाळी चार-चार महिने यायची नाही, आणि विशीनंतर हनुवटीवर राठ केस उगवायला लागले. "पुरुषांची कामं केलीस की दाढी येणारच," हा आईचा निवाडा. काडी रोज सकाळी चिमट्याने केस उपटायची आणि मान खाली घालून बाहेर पडायची. अशा बाईला मूल होत नाही, हेही कुणीतरी कानात घातलं होतं. ऐकून ऐकून तिला सगळं खरंच वाटायला लागलं. एका सकाळी तिने मामाला सांगून टाकलं, "एवढा महिना झाला की काम सोडते."

मामा काही बोलायच्या आत फोन वाजला. दवाखान्यांच्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक बाई. मामा हाताने चाक फिरवून लिफ्ट सरकवायला वरच्या मशीनच्या खोलीत धावला. काडी दाराशी थांबली. अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हा मामाचा पहिला धडा.

"ताई, घाबरू नका. ब्रेक लागलेला आहे, लिफ्ट पडत नाही."

"हवा संपली तर?" आतला आवाज कापत होता.

"वर झरोके आहेत. तुम्ही बोलत राहा. काम काय करता?"

"डॉक्टर आहे. बायकांच्या हार्मोन्सची."

दार बंद होतं, तोंड दिसत नव्हतं. हीच संधी! ती दाराला चिकटली. "डॉक्टर, पुरुषी कामाने बाईला दाढी येते का हो?"

आतून चक्क हसू आलं. "मग घरी बसणाऱ्या बायकांना का येते? पाळी वेळेवर येते का तुमची?"

"छे! मनात आलं तर येते."

"पीसीओएस असू शकतं, हार्मोन्सचा बिघाड."

"ते जाड बायकांना होतं ना? मी तर काडी आहे!"

"बारीक बायकांनाही होतं." डॉक्टरबाईंचा आवाज आता खणखणीत झाला होता. "पुरुषी म्हणतात ती हार्मोन्स प्रत्येक बाईत थोडी असतातच. काहींच्यात ती वाढतात. मग बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, केस येतात. यात तुमची चूक कसली?"

"आणि मूल?"

"होऊ शकतं! कधी औषधाची मदत लागते, इतकंच."

हे बोलणं चालू असतानाच लिफ्ट हलली, दार उघडलं. घामाने भिजलेल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या त्या काडीचा हात धरूनच. "उद्या या. दाराआडून निदान होत नसतं."

रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. थायरॉइड ठीक निघालं, पीसीओएसच ठरलं. घरी येऊन काडी एका दमात बोलत सुटली. "आई, यात अंडाशयात गाठी होतात म्हणतात ना, त्या गाठी नव्हेतच! अर्धवट वाढलेली बीजं आहेत. कधीकधी हे घराण्यातही असतं!"

आईचा हात कपड्यांच्या घडीवरच थांबला. "म्हणजे... लग्नाआधी मलाही सहा-सहा महिने यायची नाही गं."

"आणि तू तर जन्मात स्क्रू पिळला नाहीस!"

दोघी पोट धरून हसल्या. मग आईने तिला जवळ ओढलं. "उगाच बोलले गं तुला. काम सोडू नकोस."

गोळ्या सुरू झाल्या. केस काही एका रात्रीत गेले नाहीत. चिमटा अजून लागतो. पण एक दिवस, नव्या इमारतीत काम चालू असताना, ती बाथरूममधून जवळजवळ नाचतच बाहेर आली.

"मामा, आली!"

"अगं, मी तर बटणच दाबलं नाही," मामा वरून ओरडला, "लिफ्ट आली कशी?"