टॉवरसमोरचं घर

डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूशी माझ्या साडूभाऊंइतका जिवाच्या आकांतानं भांडलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी; त्यांची बायको थोरली, म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो. समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि साडूभाऊंनी घराच्या सगळ्या खिडक्यांना पोळ्या बांधायची चंदेरी फॉइल आतून चिकटवली. भर मे महिन्यात, अकोल्यात! पाहुणा आला की पाण्याच्या आधी स्टीलचा डबा पुढे यायचा, फोन त्यात टाकायचा. एकदा मी का-कू केली तर म्हणाले, "पाहुणे, तुमी छातीपाशी चूल पेटवून फिरून राहिले, अन् येडा म्हणता मले!" धामणगावच्या एका लग्नात मंडपामागे टॉवर दिसला, तर त्यांनी कडुलिंबाच्या आडून नेम धरून अक्षता फेकल्या. त्या नवरदेवाऐवजी बँडवाल्यांच्या डोक्यावर पडल्या आणि साडूभाऊ न जेवताच परतले.

आम्ही पोट धरून हसायचो. मग ताईंना कॅन्सर निघाला आणि आमचं हसणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "याचा टॉवरशी संबंध जोडता येणार नाही."

"मंग कशानं झालं?"

"नक्की सांगता येत नाही."

"ते सांगता येत नाही, मंग टॉवरनं नाही झालं हे कसं सांगता येते?"

साडूभाऊंनी कचेऱ्यांच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या, की शेवटी दोन साहेब मीटर घेऊन घरी आले. मी तिथंच होतो. त्यांनी टॉवरचं रेडिएशन गच्चीवर मोजलं, ताईंच्या खोलीत मोजलं. "मर्यादेच्या खूप खाली आहे, काका. काळजीचं कारण नाही." आता हे साहेबांच्या अंगावर धावून जाणार, म्हणून मी पुढे सरकलो. पण साडूभाऊ नुसते त्या यंत्राकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, तिलेच काहून झालं, ते याच्यात दिसत नाही का?" साहेबांनी मीटर बंद केलं. ते बराच वेळ पिशवीची चेन लावत राहिले.

त्यानंतर ताई अंथरुणालाच खिळल्या. एके दुपारी म्हणाल्या, "अवो, एका खिडकीची तरी फॉइल काढा. मले उजेड पाह्याचा हाय." साडूभाऊ खिडकीपाशी गेले. ओलं फडकं घेऊन बसले आणि नखांनी खरवडून खरवडून त्यांनी काच मोकळी केली. मग टॉवरकडे पाठ करून स्वतःच खिडकीत उभे राहिले. जे काय यायचं ते आधी आपल्या पाठीत यावं म्हणून.

"तुमी सरका ना," ताई हसल्या, "उजेड अडून राहिला." ते जरासे सरकले. अगदी जरासे.

ताई दिवाळीआधी गेल्या. परवा मी अकोल्याला गेलो होतो, तेव्हा गल्लीतली चार-पाच माणसं आली. शाळेला लागून आणखी एक टॉवर होणार आहे, तुम्ही पुढे व्हा, म्हणत होती. साडूभाऊंनी सगळ्यांना चहा केला. साखर जास्त पडली होती. तरी सगळ्यांनी कप रिकामे केले.

"माह्याच्यानं नाही होत आता," ते म्हणाले. "भांडाले घरात कोणी लागते, बाप्पा."

मंडळी गेली. मी कप विसळायला उठलो, तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या ते," म्हणाले. "बसा ना थोडं."