तोंडातले जंतू आणि पलूसची सोयरीक

माझं ठरलेलं लग्न एका शब्दापायी मोडायला आलं होतं, आणि तो शब्द मीच गावात आणला होता, तोही थेट लढाईवरनं. बसा, चहा होईस्तोवर सांगतो. हसू आलं तर दाबू नका, आमच्या घरात या गोष्टीला हसायची कुणालाच बंदी नाही.

लढाई नुकतीच संपली होती. आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं, घरटी एक माणूस पलटणीत. मीही होतो, पण बंदूक माझ्या हातात फारशी आलीच नाही. फौजी दवाखान्यात शिपाई होतो मी. पट्ट्या उकळायच्या, बाटल्या धुवायच्या, रोग्यांना पाणी पाजायचं.

तिथला डॉक्टर कॅप्टन फार भला माणूस. एकदा मी त्याची मोठी दुर्बीण पुसत होतो. लांबचं बघायची नव्हे, बारीकसारीक मोठं करून दाखवणारी. त्यानं मला खुर्चीत बसवलं, माझ्या दाताच्या कडेचं किटण काडीनं खरवडलं, काचेच्या पट्टीवर थेंबभर पाण्यात कालवलं आणि म्हणाला, बघ.

मी डोळा लावला. अहो, आत सगळं जिवंत होतं. काही लांबुडके, काही मणी ओवल्यासारखे, आणि काही नुसते वळवळत इकडनं तिकडं पळत होते, बाजारात बैल सुटल्यावर माणसं पळतात तसे.

"साहेब, हे मला कधीपासून झालं?" मी विचारलं.

कॅप्टन हसला. म्हणाला, "हे जंतू. तुलाच नाही, सगळ्यांनाच आहेत. आपल्या तोंडात ते राहतातच. त्यांनी जागा धरून ठेवलेली असते म्हणून बाहेरच्या वाइटांना सहज शिरता येत नाही. तू दात घासत जा, बाकी त्यांना राहू दे."

एवढा मोठा साहेब, एका शिपायाला खुर्चीत बसवून हे सांगत होता. त्याचे उपकार मी आजही मानतो. फक्त त्यानं सांगितलेलं सगळं मी गावात सांगितलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

माझी सुपारी लढाईच्या आधीच फुटली होती. मुलगी पलूसची, हौसा नावाची. मला पलटणीत बोलावणं आलं आणि लग्न राहिलं. मधल्या काळात तिला दुसरी स्थळं सांगून आली, पण ती म्हणाली, ठरलंय तिथंच करीन. विशीची झाली तरी ती माझ्यासाठी थांबली होती. आणि मी रजेवर घरी आलो तो लग्न करायलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं मंडळी दात घासत बसली होती. शेजारच्या गणूअण्णांनी मला हाक मारली. "शिवा, लढाईत समद्यात भयंकर काय बघितलंस?"

आता मी काय सांगणार? बाटल्या?

"जंतू बघितले," मी म्हणालो. "माझ्या तोंडातले. जिवंत. वळवळत होते."

अण्णांच्या हातातली बाभळीची काडी तशीच राहिली. "जंत?"

"जंतू. दातांच्या फटीत. हजारो."

इथं कॅप्टनचं पुढचं बोलणं सांगायला हवं होतं की नाही? पण सगळ्यांचे डोळे असे विस्फारले होते की काय विचारता. लढाईवरनं आलेला माणूस म्हणून माझ्याकडं पहिल्यांदाच कुणी बघत होतं. मी तिथंच थांबलो आणि ऐटीत घरी गेलो.

आमच्याकडं तेव्हा जंतू कुणाला माहीत? जंत मात्र सगळ्यांना माहीत, पोरांच्या पोटात होतात ते. दुपारपर्यंत शेजारणी वावडिंग घेऊन हजर. आईनं त्याचा काढा केला आणि वाटी माझ्यापुढं ठेवली.

"मला आदी का न्हाई रं सांगितलंस?" तिचे डोळे भरले होते.

"आई, जंत न्हवं. जंतू."

"बारकं असत्यात तवर जंतू, मोटं झालं की जंत. पी."

प्यालो. काय करता?

गणूअण्णा उंब्रजच्या बाजाराला गेले, आणि तिथनं ही बातमी जी निघाली ती पलूसला पोचली. वाटेत ती चांगलीच वाढली होती. जावयाला लढाईत कसलासा रोग लागलाय, तोंडात जंत पडलेत आणि जेवताना ताटात गळतात, असं माझ्या सासऱ्यांनी ऐकलं.

ते तडक आमच्या घरी आले. संगं त्यांचा भाऊ होता. पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "जावईबापू, जरा तोंड उघडा."

मी उघडलं. बैल विकत घेताना दात बघतात तसं त्यांनी मला उजेडाकडं वळवलं, हनुवटी धरली आणि आत डोकावले. मग भावाला म्हणाले, "तू बघ. मला कमी दिसतं."

भावानं बघितलं. "काय न्हाई बगा. दात चांगलं हायती."

इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं होतं. पण हनुवटी धरल्याचा मला राग आला होता. मी म्हणालो, "ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुर्बीण लागते."

"म्हंजे हायती?"

"आहेत. पण मला एकट्याला नाहीत. सगळ्यांनाच असतात. तुमच्याही तोंडात आहेत."

सासऱ्यांनी जिभेनं आपले दात चाचपले. मला वाटलं, पटत चाललंय. म्हणून मी आणखी नीट समजावलं. "तुमच्या हौसाच्या तोंडातसुद्धा आहेत."

भाऊ उठला. सासऱ्यांनी पटका सारखा केला. "पोरगी तुमच्यासाटी थांबली, आन् तुमी तिच्या तोंडात जंत काढता व्हय? ऱ्हाऊ द्या हे लगीन." आणि दोघं चालू लागले.

आई भिंतीला टेकून बसली. रात्री ती जेवली नाही. ज्या मुलीनं माझी वाट बघितली, तिचं नाव आता चार गावांत जंतांबरोबर घेतलं जाणार होतं. सकाळी आई म्हणाली, "चल पलूसला. आन् तिथं मी सांगीन तवाच बोल."

पलूसला आम्हाला ओसरीवर बसवलं. पाणी आलं, पण संगं गूळ आला नाही. आईनं हात जोडून सांगितलं की पोरगा बोलाय चुकला. सासरे जमिनीकडं बघत बसले.

तेवढ्यात माजघराच्या दाराआडनं आवाज आला. "आबा, त्यास्नी इचारा, ते जंतू काडायला डाक्टरानं काय औशिद दिलं?"

हौसाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी आईकडं बघितलं. आईनं मानेनंच बोल म्हणून खुणावलं.

"काही नाही दिलं," मी म्हणालो. "राहू दे म्हणाले. ते जागा धरून असतात, म्हणून बाहेरच्या वाइटांना सहज शिरता येत नाही."

सासऱ्यांनी मान वर केली. "म्हंजे जुन्या कुळांवानी? रान कसून हायती, म्हणून दुसरं कुणी घुसत न्हाई?"

"तसंच."

"मग हे आदी सांगाया काय झालं हुतं?" हे दाराआडनं आलं.

सासरे आतल्या बाजूला बघून म्हणाले, "तुजं काय म्हननं हाय?"

"मानूस खोटं बोलत न्हाई. अर्दं बोलतोय. ते सुदरंल."

मग गूळ आला. माझ्या आईनं तो डोळे पुसत खाल्ला.

लग्न झालं. जेवणाच्या पंगतीत नवरानवरीनं एकमेकांना घास द्यायची वेळ आली आणि मांडवातली माणसं उठून पुढं आली. ही खाते का नाही, हेच सगळ्यांना बघायचं होतं. मी लाडू अर्धा खाल्ला आणि उष्टा तिच्यापुढं धरला. तिनं सगळ्यांसमोर तो शांतपणे खाल्ला. त्या एका घासानं तिनं माझी चार गावांत गेलेली अब्रू परत आणली. एवढे उपकार माझ्यावर दुसऱ्या कुणी केले नाहीत.

मग तिनं आपला अर्धा खाल्लेला लाडू माझ्यापुढं धरला. आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांपुढं ती दुर्बीण आली. मी थबकलो, अगदी जरासाच, पण मांडवातल्या एकूण एक माणसाला ते दिसलं. मागनं एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, जंत हिच्याच तोंडात हुतं जनू."

घाबरून मी तो लाडू एका घासात आख्खा तोंडात कोंबला. तो घशात अडकला. डोळे पांढरे व्हायला लागले, तशी हौसानं पदर खोचला आणि माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला की लाडू सुटला आणि पुढं बसलेल्या सासऱ्यांच्या ताटात जाऊन पडला.