जिजींनी लावलेलं घर

या सदरातले अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर वाचत आले, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचत आले. देव मानते, उपासतापास करते, पण 'अमुक वस्तू आपोआप हलली' असं कुणी म्हटलं की मी आधी घरात मांजर आहे का ते विचारते! माझा स्वभावच तसा. तरीही एक गोष्ट इतकी वर्षं पोटात आहे... आणि तिच्यावर हसणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

माझे वडील सरकारी नोकरीत. माझं लहानपण धडगावला गेलं, पुढेही बदल्या होतच राहिल्या. त्यामुळे आमचं सगळं बिऱ्हाड दोन ट्रंका आणि एका वळकटीत मावायचं. जादा वस्तू घरात टिकायचीच नाही, आई ती कुणाला तरी देऊन टाकायची. अशा घरातली मी, अठ्ठावन्न साली लग्न होऊन शहाद्याजवळच्या कळसाडीत आले. कापसाची शेती, खाऊनपिऊन सुखी घर. माप ओलांडलं, दोन पावलं आत टाकली आणि तिसरं पाऊल ठेवायला जागाच नव्हती!

चेष्टा नाही करत. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ऐसपैस घर, पण मधल्या खणात जमिनीवर मडकीच मडकी. फुटकी नव्हेत, चांगली धान्याची. शेजारी भिंतीपासून ओढलेली कणगी, तिच्यावर गोधड्या, गोधड्यांवर घोंगड्या, तुपाचे रिकामे डबे, तुटका पाळणा. आणि या सगळ्यावर तीन वर्षांत येऊन पडलेलं नवं सामान. देवघरासमोर तर टोपल्यांचा डोंगर. सासरे, म्हणजे आबा, रोज त्या मडक्यांतून वाट काढत, पाय जपून टाकत, देवाला फूल वाहायला जायचे. नणंद सुमन आणि आमचे हे, दोघंही तसेच. सगळ्यांना सवय झालेली.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्यांना सगळे जिजी म्हणायचे. मी आल्या आठवड्यातच एक मडकं उचललं, तर आबा ओसरीवरून आत आले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "राहू दे माय. तिनी ठेयेल शे. जठे शे तठेच राहू दे."

मी मडकं खाली ठेवलं.

पण त्या हिवाळ्यात सुमनला पाहायला पाहुणे आले. सुमन दिसायला नीटस, कामाला वाघीण. बोलणी छान चालली होती. मग त्यांच्यातली एक बाई पाणी प्यायच्या निमित्ताने आत आली, उंबऱ्यातच थबकली, आणि तशीच परत फिरली. पुढे निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण घराला वळण नाही. सुमन दोन दिवस जेवली नाही. आता दुसरं स्थळ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लगेच येणार होतं. हेही फिरलं असतं तर गावात बोभाटा झाला असता. मग कोण विचारणार होतं पोरीला?

आमच्या खानदेशात आखाजीचं महत्त्व दिवाळीपेक्षा कमी नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर पाण्याने भरून पुजतात, म्हणजे त्यांची तहान भागते. त्याआधी सगळं घर बाहेर काढून, भिंती पांढऱ्या मातीने सारवून, परत लावतात. आमच्याकडे जिजी गेल्यापासून यातलं काहीच झालं नव्हतं. घागरसुद्धा नाही.

चैत्र संपत आला तेव्हा मी एकदा देवघराजवळची एक टोपली सरकवली... तर मागे भिंत दिसली. वरची अर्धी पांढरी, खालची अर्धी मळकी. मध्ये हात थांबलेला स्पष्ट दिसत होता. खाली एका घमेल्यात सुकून तडकलेली पांढरी माती, आणि तिच्यात सारवायचं फडकं, वाळून लाकूड झालेलं. मी सुमनला विचारलं, जिजी नेमक्या कधी गेल्या? म्हणाली, आखाजीआधी. सारवता सारवता छातीत कळ आली, ओसरीवर आणून निजवलं, संध्याकाळी संपलं सगळं. मग आबांनी कुणाला काही हलवूच दिलं नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तशीच आबांकडे गेले. सासऱ्यांपुढे फार न बोलायचे ते दिवस, पण राहवलं नाही.

"आबा, जिजी घर आवरी ऱ्हायनी व्हती," मी म्हटलं. "ते मडकं, ती कणगी... तिनी मांडेल नही. काढेल शे."

आबा उठून आत आले. ती अर्धी भिंत त्यांनी बराच वेळ पाहिली. तीन वर्षं ज्या पसाऱ्याला ते बायकोची मांडणी म्हणून जपत होते, तो तिच्या साफसफाईचा मधला पसारा होता. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "मंग तिन्हं काम पुरं करा."

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला. काय नाही निघालं त्या घरातून! बुरशी धरलेले दोर, उंदरांनी केलेली बाळंतिणीची खोली, तळ गेलेल्या टोपल्या, कुणाच्या तरी लग्नातल्या कागदी पताका. जे कामाचं नव्हतं ते सरळ उकिरड्यावर. त्यातच एक जुनी चुंबळही होती, चिंध्या पिळून केलेली, हंड्याखाली ठेवतात तशी, एका बाजूने कुरतडलेली. मी स्वतःच्या हाताने फेकली. हे मुद्दाम सांगते आहे.

भिंती सारवून झाल्यावर सामान आत लावायला घेतलं, आणि इथून गंमत सुरू झाली. मी एक वस्तू एका जागी ठेवावी, आणि थोड्या वेळाने ती दुसरीकडेच असावी. चिडावं अशी नाही हं! वाहवा म्हणावं अशा जागी. सूप मी मागच्या खुंटीला अडकवलं, ते पुढच्या दाराच्या उजव्या अंगाला आलं. तिथेच उजेड असतो, निवडायला तिथेच बसतो आपण. लोणच्याच्या बरण्या मी चुलीच्या वरच्या फळीवर लावल्या, त्या गेल्या लांबच्या गार भिंतीला. कंदील तर अशा खुंटीवर गेला, की अंधारात बाहेरून आत आलं तर हात बरोबर त्याच्यावरच पडावा! मी मनात म्हटलं, वा सुमनबाई! मी दोन ट्रंकांच्या संसारातली, आणि स्वतःला टापटिपीची समजत होते. या पोरीने मला मुकाट्याने शिकवलं. तिचा मान राखायचा म्हणून मी तोंडाने काही बोलले नाही, फक्त मनातल्या मनात तिला दाद देत राहिले. आणि तिची प्रत्येक जागा लक्षात ठेवत गेले.

एकच गोष्ट काही केल्या जमेना, ती म्हणजे उतरंड. सगळ्यात मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, असं छातीच्या वर जाणारं. आम्ही दोघींनी दोनदा रचली, दोन्ही वेळा ती कलायला लागली आणि आम्ही घाईघाईने उतरवली. भरलेलं मोठं मडकं एकटीला उचलायचंही नाही. शेवटी मडकी तशीच राहिली आणि आखाजी उद्यावर आली.

त्या दिवशी सकाळी गोधड्या धुवायला सगळेच नदीवर गेलो. यांनी गाडी जुंपली, आबाही निघाले. दाराला कुलूप आबांनी लावलं, किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला. शेजारीण आदल्या दिवशीच माहेरी गेली होती, हे नंतरच्या शंकेखोरांसाठी सांगून ठेवते.

नदीवर आम्ही दोघी गोधड्या आपटत होतो. सुमन एकदम थांबून म्हणाली, "वहिनी, कंदीलनी जागा तुमले कशी सुचनी? जिजी बी तठेच टांगे. अन सूप बी दारजोडेच ठेये."

मी हसले. म्हटलं, अगं, ते तर तूच हलवलंस ना? मी इतके दिवस तुझंच कौतुक करते आहे!

"मी?" ती म्हणाली. "मी तर काहीच नही हलाडं. माले वाटनं, तुम्हीच."

गोधडी माझ्या हातातून पाण्यात गेली. सुमनने ती धरली. उरलेल्या गोधड्या आम्ही भराभर पिळल्या.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आबांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि तिथेच उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं.

उतरंड उभी होती. मागच्या भिंतीला, तळापासून शेंड्यापर्यंत सरळ. प्रत्येक मडक्याचं तोंड वरच्याने झाकलेलं, आणि अगदी वर जिरं ठेवायचं चिमुकलं बोळकं. मधला खण रिकामा, स्वच्छ. तीन वर्षांत पहिल्यांदा दारातून थेट देव दिसत होते. मला भीती वाटली नाही हो. खरंच नाही. मला वाटलं, किती सुंदर घर आहे हे! आणि किती शहाणी बाई होती ती!

आणि देवांसमोर, सारवलेल्या जमिनीवर, ती चुंबळ होती. तीच. झटकलेली, पण कुरतडलेली बाजू तशीच. तिच्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

आबा आत गेले. या वेळी पाय जपून टाकावे लागले नाहीत त्यांना. चुंबळीपाशी ते खाली बसले, तिच्यावर हात ठेवला. जिजींनी ती स्वतः केलेली, दर आखाजीला घागर तिच्यावरच मांडायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"तिले घागर पायजे," आबा म्हणाले. "घागर भरी म्हंजे ती गयी, असं व्हतं ना... म्हनीसन भरी नही. तीन वरीस मी तिले तहानेली ठेयं."

तसेच उठून ते कुंभाराकडे गेले. घागर कुणाला आणू दिली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः विहिरीवरून भरून आणली, चुंबळीवर मांडली, वर गोडाची सांजोरी ठेवली, आणि जिजींचं नाव घेतलं. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं, असं सुमन रडत रडत म्हणाली. मीही रडले. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी...

पाहुणे ठरल्याप्रमाणे आले. मुलाची आई आत आली, सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "घर कोनी लायं?" मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "सासू-सूननी मिळीसन." बाईंना वाटलं, म्हातारा आठवणीत बोलतोय. सुमनचं लग्न त्याच वैशाखात, त्याच मधल्या खणात लागलं.

आमच्या ह्यांनी पुढे पुष्कळ तर्क लढवले. धाब्याच्या झरोक्यातून कुणी उतरलं असेल म्हणे. त्या झरोक्यातून फार तर मांजर उतरेल, आणि उतरंड रचणारं मांजर मी तरी ऐकलेलं नाही! उकिरड्यावरची चुंबळ कुणी आणली, तेही त्यांना सांगता आलं नाही. मलाही आजपर्यंत येत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. घागर भरली त्यानंतर घरातली एकही वस्तू पुन्हा हलली नाही. सुमन सासरी गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं, तेव्हा एकदा मी मुद्दाम सूप मागच्या खुंटीला अडकवलं आणि शेतावर गेले. संध्याकाळी परत येऊन पाहिलं, तर सूप मागच्याच खुंटीला. मग मीच ते काढलं, आणि दारापाशी त्याच्या जागी लावलं.