मोहनसिंग डायवरचा संशय

मोहनसिंग डायवर कारंजा गावात कोणावर म्हणून विश्वास ठेवत नसे, अन् त्याला तरी नावं का ठेवावी? मानोरा गावाकडच्या बंजारा तांड्यातला माणूस दारात उभा राहिला की लोक आधी आपल्या वस्तू मोजत. सगळ्या जागेवर असल्या तरी पुन्हा मोजत. लहानपणापासून हेच पाहिलेला माणूस दुसरं काय शिकणार? पलटणीत ट्रक हाकून आला, माणिकचंद शेटजींच्या मोटारीवर लागला, तरी दिवसातून दहादा टाकीचं झाकण उघडून बघे. कोणी पेट्रोल तर काढलं नाही!

त्या सकाळी शेटजींना अकोल्याला जायचं होतं. मोहनसिंगनं पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. साधी गुरगुरसुद्धा नाही. हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख, म्हणजे बॅटरी ठीक. उतरून हँडल मारलं तर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू.

"काल तं चांगली होती," शेटजी म्हणाले. "रातीतून काय झालं? कोनं हात लावला?" अन् त्यांनी मोहनसिंगकडे रोखून पाहिलं. "दुपारपर्यंत सांग. नाही तं चावी ठेवून दे."

झालं! मोहनसिंगचं डोकं फिरलं. बिघाड शोधायचा सोडून गडी माणूस शोधायला लागला. काल सांजेला घरगडी देवला गॅरेजमधून हात झटकत बाहेर पडताना दिसला होता. बस्स, ठरलं.

"शेटजी, देवला होता गाडीजवळ. त्यानंच वायर ढिली केली असंन."

देवलाला बोलावलं. "मुंग्यांले साखर टाकाले गेलतो," तो म्हणाला. "बाईनं जाताना सांगून ठेवलं हाये." बाई म्हणजे शेटजींची बायको गुलाबबाई. ती माहेरी गेलेली, मग विचारणार कोणाला? गॅरेजात कसल्या मुंग्या म्हणून शेटजी भडकले अन् देवलाला उभ्याउभ्या घालवून दिलं. मोहनसिंगला वाटलं, चला, सुटलो. खोटं कशाला सांगायचं, त्याला बरंच वाटलं.

मग त्यानं निवांत बॉनेट उघडलं. वायरी जागच्या जागी, घट्ट. बटणाच्या खाली वायरी जोडलेल्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा धरला मात्र, स्टार्टर गर्रकन फिरला. म्हणजे स्टार्टर चांगला, वायर चांगली, खोट बटणात. त्यानं बटण खोललं. आत मुंग्याच मुंग्या! साखरेचे कण, पांढरी अंडी अन् चेंगरलेल्या मुंग्यांचा थर बसून आतल्या तांब्याच्या टिकल्या एकमेकींना भिडतच नव्हत्या. जैनाघरच्या मुंग्या त्या, झटकायची सोय नाही. त्यानं हळूच फुंकून कागदावर घेतल्या, भिंतीकडं सोडल्या, टिकल्या घासल्या. बटण जोडून दाबलं अन् गाडी सुरू.

आवाज ऐकून शेटजी बाहेर आले. "पाह्यलं? तो गेला अन् गाडी चालू झाली!"

बाप्पा, इथं नुसतं गप्प बसायचं होतं, नोकरी पक्की! पण आतून मोहनसिंगला स्वतःचीच किळस आली.

"नाही शेटजी. मुंग्याच होत्या. तो खरं बोलून राह्यला होता. म्या उगाच आळ घेतला."

शेटजींनी त्याला खालून वर न्याहाळलं. "मंग जा, तूच घेऊन ये त्याले," एवढंच बोलले.

देवला आपल्या खोपटासमोर काटक्या तोडत होता. बायको आत चुलीपाशी, पाठ करून बसलेली. मोहनसिंगचं सगळं त्यानं ऐकून घेतलं.

"तुले मी गाडीले हात लावताना दिसलो होतो का?"

"नाही."

"मंग माह्यंच नाव काहून घेतलं?"

मोहनसिंगला आता खोटं सुचेना. "तुह्यं नाव घेतलं का लोक लगेच मानतात," तो म्हणाला. "म्हणून."

देवलानं मान हलवली.

"हो," तो हळू म्हणाला, आत ऐकू जाऊ नये असं. "घरी आलो तं बायकोनं बी मानलं."