मागच्या दाराची कडी

माझी धाकटी बहीण जन्मात गाडी चालवायला शिकली नाही, पण गाडीच्या दारांना तिच्याइतके टाके कुणी घातले नसतील. तिच्या नवऱ्याचा धंदा गाड्यांच्या सीट कव्हरांचा. गाडी अंगणात उभी राहायची, तो दारांची आतली पॅनेलं उचकटून आणायचा, आणि पुढच्या खोलीत मशिनीवर बसून ही त्यांना नवं रेक्झिन चढवायची. बोटांची सुईने चाळण झालेली. घरभर चिकटवायच्या सोल्युशनचा वास; घास तोंडात घातला तरी तोच. पॅनेल तिच्या खोलीत यायचं, दार मात्र अंगणातच राहायचं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिच्या नवऱ्याला सगळे गमत्या म्हणायचे. लग्न असो नाहीतर मयत, याची गंमत चालूच. माणसं पोट धरधरून हसायची. आता हसायचं म्हणजे ज्याला हसायचं असं कुणीतरी लागतंच. ते माणूस याने लग्न करून घरीच आणून ठेवलं होतं.

त्यांची स्वतःची एक जुनी गाडी होती. धाकटीची जागा मागे, डाव्या अंगाला. पुढे सासू बसायची. सासू गेली तशी तिथे त्याची पिशवी बसायला लागली. मागच्या दोन्ही दारांची आतली कडी ओढली की नुसती लुळी हलायची, दार काही उघडायचं नाही. काच खाली करायची फिरकी त्याने "धूळ येते" म्हणून काढून टाकलेली. गाडी थांबली की हा उतरायचा, चार लोकांशी हात मिळवायचा, मग कपाळावर हात मारून म्हणायचा, "अरेच्चा, सामान गाडीतच राहिलं की!" आणि सावकाश जाऊन, दाराच्या कडेवर तळहात ठेवून, ऐटीत दार उघडून धरायचा. सामान म्हणजे माझी बहीण. घामाने निथळत उतरायची. लोक हसायचे, आणि बायका वर म्हणायच्या, "बघा, अजून बायकोसाठी दार उघडतो!"

मी एकदा सुनावलंच. "जावईबापू, दुनियेच्या गाड्या नटवता, आणि घरच्या गाडीची एक कडी बदलायला हात दुखतात का?"

"आक्का, बाईमाणूस आणि टपालपेटी, दोन्ही बाहेरूनच उघडायच्या असतात," तो म्हणाला. "आतून उघडल्या तर पत्रं उडून जातील."

धाकटीला म्हटलं, "अगं, पुढच्या सीटवरून चढून बाहेर पड की."

"चारचौघांत तंगड्या वर करून? नको बाई. उघडतात ते. कधीकधी विसरतात, एवढंच."

विसरतात! आपल्या पिशवीला कधी विसरला नाही तो.

मग आमची आई आजारी पडली. माझ्याकडेच होती, वरच्या मजल्यावर. त्या दुपारी तिचा श्वास घरघरायला लागला, तसा मी धाकटीला निरोप धाडला. गाडी खाली लागलेली मी खिडकीतून पाहिली. आई विचारत होती, "धाकटी आली का?" मी म्हटलं, "आली, खाली आलीय, जिना चढतेय." दर थोड्या वेळाने तेच विचारायची, आणि मी तेच सांगायचे. जिना काही संपेना. आईचा हात माझ्या हातात गार पडला, तरी संपेना.

खाली गमत्या पंक्चरवाल्याशी बोलत उभा होता. धाकटी काचेवर मुठी आपटत होती; पुढे कव्हरांचे गठ्ठे रचलेले, तिथूनही वाट नव्हती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी थांबून पाहिलं, तर हा डोक्याशी बोट फिरवून म्हणाला, "थोडी अशीच आहे, लक्ष देऊ नका." हे मला पंक्चरवाल्याने मागाहून सांगितलं. तोही तेव्हा हसलाच होता, म्हणाला.

ती वर आली तेव्हा मी आईचे डोळे मिटले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दारातच खाली बसली. गमत्या मागून येऊन म्हणाला, "आता कडीच मोडकी, त्याला मी काय करणार?"

आईचे दिवस झाले, आणि धाकटीने मनावर घेतलं. आपल्या लेकीकडून नवी हँडलं मागवली, मागच्या दोन्ही दारांची. नवरा कव्हरं पोचवायला गेला होता तेव्हा मला बोलावून घेतलं, म्हणाली, "आक्का, तू नुसती स्क्रू धर. हरवले तर मला परत धीर व्हायचा नाही."

मी वाटीत स्क्रू धरून बसले. तिने दार उघडं टाकून कडीमागचं छोटं झाकण सुरीच्या टोकाने उचललं, आतला स्क्रू काढला. मग पॅनेलच्या खाली बोटं घालून असं ओढलं की क्लिपा टप टप सुटल्या. आतून एक लांब सळई येऊन कडीला अडकलेली. तिने ती हळूच सोडवली, पोराच्या कानातलं डूल काढावं तशी. नवी कडी लावली, सळई तिच्या टोकात बसवली, वरचं प्लॅस्टिक खट्‌कन दाबलं. दाराच्या कडेला वंगण-धूळ साचलेली, तीही फडक्याने पुसून घेतली. दुसरं दार तर तिने गुणगुणतच केलं. सासरी तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"जुनी कडी मोडलेली तर दिसत नाही गं," मी ती हातात फिरवून म्हटलं.

"आतून झिजली असेल."

मग ती गाडीत बसली, आपल्याच जागेवर. दार लावून घेतलं. काचेतून माझ्याकडे बघून हसली, आणि कडी ओढली.

कडी लुळी हलली. दार जागचं हललं नाही. तिने पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी.

फाटकाशी खिदळणं ऐकू आलं. गमत्या केव्हाचा उभा होता कोण जाणे. हसून हसून त्याने फाटक धरलं होतं. डोळे पुसत आला, बाहेरून दार उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कडेवरचा आपला तळहात बाजूला घेतला. तिथे नखाएवढा एक काळा खटका होता. ती आत्ताच त्याच्यावरून फडकं फिरवून गेली होती.

"लहान पोरं चालत्या गाडीतून पडू नयेत म्हणून असतो हा," तो म्हणाला. "खाली पाडला की आतून उघडत नाही. कडी ठणठणीत होती गं! उगीच पॅनेलं उचकटत बसलीस!"

धाकटी आत तशीच बसून होती. म्हणाली, "आई गेली तेव्हापण?"

"अं?"

"आई गेली तेव्हापण कडी ठणठणीत होती?"

"आता होती म्हणजे... अगं, गंमत. मला काय ठाऊक म्हातारी तेवढ्यातच जाईल?"

ती उतरली. बोटाने खटका वर केला. पुन्हा आत बसली, दार लावलं, कडी ओढली, दार उघडून उतरली. मग आत जाऊन मशिनीवर बसली. कुणाची तरी पॅनेलं राहिली होती.

गमत्याची ती गंमत तिथे संपली. त्याला दुसऱ्या सुचल्या. तो थांबणारा नव्हता. थांबला तो अंगावरून वारं गेलं तेव्हा. उजवा हात लुळा, जीभ जड, तोंड एका बाजूला असं ओढलेलं की सदा हसतोय वाटावं. धंदा बंद. आता गाडी लेक चालवते, पुढे धाकटी बसते, आणि मागे, डाव्या अंगाला, तो.

परवा धाकटी आली माझ्याकडे. लेक त्यांना सोडून औषधं आणायला पायीच गेली होती. धाकटी जिना चढून एकटीच वर आली, पदराने मान पुसली, म्हणाली, "चहा टाक, आक्का."

"आणि ते?"

"सामान गाडीत राहिलंय."

मी खिडकीशी गेले. तो डाव्या हाताने कडी ओढत होता. तिनेच बसवलेली कडी, चांगली घट्ट, सुबक. ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. तोंड मात्र हसरंच.

"ऊन आहे गं बाहेर," मी म्हटलं.

"गाडी सावलीत लावायला सांगितली, काच थोडी खाली ठेवलीय. फिरकी मी परत लावून घेतली." तिने बशीत चहा ओतला. "मी काही गमत्या नाही."

"जा, उघड त्याला."

"जाते. तो माझं नाव घेतो तिथून. वर ऐकू येत नाही, नाही का?"

"नाही येत."

"आईलाही नसेल आलं."

 तिने चहा निवांत प्यायला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, कपबशी विसळून पालथी घातली, आणि खाली गेली. मी वरून बघत होते. तिने दाराच्या कडेवर तळहात ठेवून दार उघडलं, वाकून त्याला काखेत धरलं, उतरवलं, त्याचा भिजलेला सदरा नीट केला. तो रडत होता. रडला तरी तोंड तसंच राहतं त्याचं.

शेजारीण बाजूच्या खिडकीत उभी होती. मला म्हणाली, "किती जपते हो तुमची बहीण नवऱ्याला! दारसुद्धा स्वतः उघडते."

"हो," मी म्हटलं, "त्याच्याकडूनच शिकली."