अक्कांच्या कुंड्यांतली चिलटं

अण्णांच्या घरी चिलटालाही अभय होतं. सांगलीच्या पेठेत त्यांचं हळदीचं दुकान होतं. पाण्याच्या तांब्यात चिलट पडलं, की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून अण्णा ते कागदाच्या टोकावर अलगद उचलत, भिंतीवर ठेवत, आणि पंख वाळून ते उडेपर्यंत भाव सांगत नसत. जैन घरात हिंसा चालत नाही हे ठाऊक असूनही मला हसू यायचं. मी पलूसकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर लग्न होऊन त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं आलेली. आमच्या मळ्यात किडीशी कुणी एवढ्या अदबीनं वागत नसे.

बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, ते चारचौघांत कधी नावानं हाक मारत नसत. "ऐकलंस का?" एवढंच. या अक्कांना झाडांचं वेड. अंगणभर त्यांच्या कुंड्या: मोगरा, अबोली, गुलाब. त्याच अक्कांना पक्षाघात झाला. हातपाय गेले, बोलणं तेवढं राहिलं, तेही अडखळत. खाटेवरून त्यांनी एकच मागितलं, "माजी झाडं माज्याजवळ आणा."

अण्णांनी सगळ्या कुंड्या आत आणून खिडकीपाशी मांडल्या. माया अशी, की येता-जाता पाणी घालायचे. माती कायम ओली राहिली आणि तिच्यातून बारीक काळी चिलटं निघू लागली. ती अक्कांच्या ओठांवर, डोळ्यांच्या कडांवर बसत. ज्यांना हात उचलून चिलट हाकलता येत नाही, त्यांचे हाल मला बघवेनात.

मी माहेरच्या सवयीनं तंबाखू उकळून पाणी केलं. अण्णांनी दारातच अडवलं. "नगं पोरी. लय बारीक हाय, पर जीवच हाय त्यो."

"आणि अक्कांचा जीव?" मी फटकन बोलले. ते दारातून हलले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मग त्यांनी आपला उपाय काढला. मातीवर कोरड्या वाळूचा थर दिला आणि पाणी वरून न घालता कुंडीखालच्या ताटलीत ठेवू लागले. "वरनं कोरडं असलं की नवी व्हायची न्हाईत," म्हणाले. नवी कमी झालीही, पण होती ती होतीच. दुकान नोकरावर सोपवून अण्णा दिवसभर उशाशी बसायचे आणि उपरण्यानं वारा घालायचे.

एका दुपारी मी अक्कांचं अंथरूण बदलायला गेले, तर अण्णा बसल्या जागी पेंगत होते. तेवढ्यात एक चिलट अक्कांच्या डोळ्याच्या कडेला शिरलं. त्या कळवळल्या आणि अण्णांचं बोट सटकन तिथं गेलं. बोटाखाली काळा ठिपका उरला. अण्णा बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. अक्कांनी विचारलं तर म्हणाले, "पोट बरं न्हाई."

अक्का काय ते समजल्या. "आवं, कुंड्या भाईर न्या. माज्यापायी तुमचा नेम मोडाय नगं."

अण्णांनी एकेक कुंडी अंगणात नेली. खोली ओकीबोकी झाली. अक्का नुसत्या रिकाम्या खिडकीकडे बघत पडल्या. त्या रडल्या नाहीत, मीच रडले.

त्याच संध्याकाळी अण्णा आत गेले आणि दोन्ही हातांवर अक्कांना उचलून बाहेर घेऊन आले. वाड्यातले आम्ही सगळे भाडेकरू अंगणातच होतो. अक्कांना पदरही सारखा करता येईना. "आवं, लोकं बगत्यात की," त्या कुजबुजल्या.

"बगू देत," अण्णा म्हणाले. "झाडं आत ऱ्हाईनात, तर तूच चल."

मोगऱ्याशेजारच्या कट्ट्यावर अक्कांचं डोकं मांडीवर घेऊन ते बसले. बाहेरच्या वाऱ्यात चिलट टिकत नव्हतं. मग हे रोजचंच झालं. साठी उलटलेल्या माणसाची कंबर किती दुखत असेल, पण ते कधी बोलले नाहीत. आम्ही बायका मात्र आपापल्या नवऱ्यांकडे जरा निराळ्या नजरेनं बघू लागलो, हेही खरं.

थंडी सरता सरता अक्का गेल्या. सुतक फिटलं, अण्णा पुन्हा दुकानात बसू लागले. एकदा दिवस कलताना मी अंगणात तांदूळ निवडत होते. अण्णा दुकानातून आले, चपला काढून घाईघाईनं आत गेले आणि थोड्या वेळानं उंबऱ्यात येऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढे धरलेले होते. माझ्याकडे लक्ष गेलं, तसे त्यांनी ते हळूच खाली घेतले.