मयत लिहिलेल्या बाईच्या दारात

भाऊंनी माझं ओळखपत्र गळ्यातल्या फितीसकट ओढलं. मान खाली आली. ती तशीच धरून त्यांनी माझं आडनाव वाचलं. मोठ्याने.

"असं होय," ते म्हणाले. "मग तू खालीच थांब. माणूस कागद आणून देईल."

सोफ्यावरचे चौघे हसले.

मी सेहेचाळीस वर्षांची बाई. पालिकेच्या शाळेत शिकवते. निवडणूक जवळ आली की मतदार यादीचं काम अंगावर येतं. बीएलओ म्हणतात आम्हाला. घरोघर जायचं, माणूस आहे की नाही ते बघायचं, यादी खरी ठेवायची. भाऊ इथले पुढारी, त्यांच्याकडचे अर्ज घ्यायला सुपरवायझरने मला धाडलेलं. त्यांचा बंगला शीळफाट्याच्या अलीकडे, जमिनी विकून उभा राहिलेला. मी जिन्याखाली उभी राहिले. चपलांपाशी. तेही सांगायला हवं.

कागद आले. नावं वगळण्याचे एक्केचाळीस अर्ज. सगळे बुद्धविहारामागच्या चाळींतले. कुणापुढे 'स्थलांतरित', कुणापुढे 'मयत'. हरकत घेणारा एकच, भाऊंचा ड्रायव्हर. अक्षरही एकच.

रिक्षात बसले तोच सुपरवायझरचा फोन. "मॅडम, फार खोलात जाऊ नका. पडताळणी केली असं लिहा, सही करा. गेल्या वेळी केलीत की."

केलेली. अशाच नऊ अर्जांवर. घरी बसून, एकही दार न वाजवता. ऊन होतं, पेपर तपासायचे होते. दहा मिनिटांचं काम.

या वेळी मानेवर फितीचा वळ उठला होता. चुरचुरत होता. म्हणून मी चाळीत गेले. कर्तव्यबिर्तव्य काही नाही. रागाने गेले.

पहिलं दार ठकूबाईंचं. सत्तरीची बाई, तांदूळ निवडत बसलेली.

"ठकूबाई इथेच राहायच्या का?"

"राहायच्या म्हणजे? राहते की. मीच ती."

अर्जावर ती मयत होती. मी तसं सांगितलं, अर्ज भाऊंच्या बंगल्यावरून आलाय तेही. ती खळखळून हसली. पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. "घे. मेलेल्या बाईच्या हातचं पी."

मग हसू थांबलं. "गेल्या वेळी माझ्या लेकाला बूथवरनं परत धाडलं. नाव नाही म्हणाले. रिक्षा बंद ठेवून रांगेत उभा होता तो. ही नावं खोडतं तरी कोण गं?"

ऑफिस, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलेलंही.

"मी," म्हणाले. "न बघता सही केली."

तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला. भरलेलाच होता. माझ्या ओळखपत्रावरच्या आडनावाकडे बघितलं.

"तो भाऊ परका. तू तर आपल्यातली ना?"

भाऊंच्या हसण्याने मी जळले होते. या वाक्याने मी जागी झाले. त्यांनी मला खाली उभं केलं, मी नऊ माणसांना यादीबाहेर उभं केलं. माझ्याच पेनाने.

तीन दिवस फिरले. प्रत्येक दार. अडतीस माणसं जागेवर होती, जिवंत. दोघं खरंच वारले होते, एक कुटुंबासोबत बदलापूरला गेलेला. त्या तिघांचंही खरं तेच लिहिलं. शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. शेरा मारला, 'सर्व अर्जांचे हस्ताक्षर एकच दिसते.' ठकूबाईच्या लेकाचा नव्याने अर्ज भरला. सगळं अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत हलले नाही.

सुपरवायझर बाहेर गाठून म्हणाला, "भाऊ गप्प बसणार नाहीत. बदलीला तयार राहा."

"सही माझी आहे ना? मग आधी बघणार पण मीच."

"एवढी जबाबदारी कशाला अंगावर घेता, मॅडम?"

"गेल्या वेळी घेतली नाही म्हणून."

अडतीस नावं यादीत राहिली. माझी बदली झाली. ठकूबाई अजून माझ्याशी बोलत नाही. बोलावं असं मी म्हणणारही नाही.

आता नवा भाग, नवी यादी. कुणीही फोन करो, दार वाजवल्याशिवाय सही नाही. आणि शाळा सुटली की त्या जुन्या नऊ जणांचे पत्ते घेऊन निघते. पाच सापडले, अर्ज भरले. चार राहिलेत, मधल्या काळात भाड्याची घरं बदललेले. तेही शोधून काढणार. दिवा, मुंब्रा, टिटवाळा, जिथे असतील तिथून.